अढळ नगराचा नकाशा

नांदेडच्या रेल्वे स्थानकावरून रोज एक गाडी स्वर्गाचे नाव मिरवत निघते. सचखंड एक्स्प्रेस. अमृतसरपर्यंतच्या या प्रवासाला सरावलेली माणसे पिशवीत रिकामा डबा ठेवतात, कारण वाटेतल्या काही स्थानकांवर लंगरवाले फलाटावर येऊन गरम जेवण वाढतात. गाडी रखडली की ‘सचखंड दोन तास लेट आहे’ असे लोक बिनदिक्कत म्हणतात. गुरू नानकांच्या जपुजीत सचखंड हा साधनेच्या वाटेवरचा पाचवा आणि शेवटचा मुक्काम आहे, निराकार परमेश्वराचे निवासस्थान. पण सचखंडचे तिकीट काढणारा कोणीही ‘स्वर्गात किती वाजता पोचू?’ असे खिडकीवर विचारत नाही. नाव कुठवर खरे धरायचे आणि कुठे त्याचा अर्थ लावायचा, हे न शिकवता कळलेले असते.

नांदेडच्या ज्या शीख तख्तावरून गाडीला हे नाव मिळाले, त्याच्या पूर्ण नावात आणखी एक शब्द आहे: अबचलनगर. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी इथेच देह ठेवला आणि १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी आजची वास्तू उभारून घेतली. अबचल म्हणजे अविचल, अढळ. न हलणारे नगर.

नांदेडहून लातूर ओलांडून औसा तालुक्यात शिरले की किल्लारी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथली जमीन हलली. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. धक्का ६.२ तीव्रतेचा, जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम. पण दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीने भरलेले वजनदार माळवद यांनी घात केला. लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे पक्का कातळ, इथे भूकंप कसला होतोय, अशी तोवरची समजूत होती.

एकीकडे न हलणाऱ्या नगराचे नाव आणि दुसरीकडे हललेली भुई. मराठवाड्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही भरत नाही. तरीही बायबलच्या अगदी शेवटी येणारे स्वर्गीय नगर समजून घ्यायला याच्याइतकी चांगली जागा शोधूनही सापडायची नाही.

दोन हजार किलोमीटरचा चौकोन

बायबलचे शेवटचे पुस्तक म्हणजे ‘प्रकटीकरण’. एकूण अध्याय २२. लिहिणारा योहान एजियन समुद्रातल्या पात्म बेटावर हद्दपार होता. बहुतेक अभ्यासक हा काळ इसवी सन ९५ च्या आसपासचा, म्हणजे रोमन सम्राट डोमिशियनच्या अखेरच्या वर्षांचा मानतात. त्याआधी पंचवीसएक वर्षे, इसवी सन ७० मध्ये, रोमन सैन्याने यरुशलेम शहर पाडले होते आणि तिथले मंदिर जाळले होते. डोळ्यांसमोर राजधानीची राख झालेल्या लोकांपुढे योहान शेवटच्या दोन अध्यायांत एक नवी यरुशलेम उभी करतो.

दृश्य असे आहे. आकाशातून एक नगर खाली उतरते. एक देवदूत सोन्याची काठी घेऊन ते मोजतो. लांबी, रुंदी, उंची सारखी: बारा हजार स्टेडिया. तट एकशे चव्वेचाळीस हातांचा. बारा वेशी, प्रत्येक वेस एका अख्ख्या मोत्याची. बारा पाये, प्रत्येक वेगळ्या रत्नाचा. रस्ता सोन्याचा, पण काचेसारखा आरपार. मधून नदी, काठाला महिन्या महिन्याला फळणारे झाड. सूर्याची गरज नाही, चंद्राची नाही, रात्र नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एक स्टेडियम सुमारे १८५ मीटरचे. बारा हजार स्टेडिया म्हणजे सुमारे २२०० किलोमीटर, दिल्लीहून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेष ओढावी जवळपास तेवढे. हे झाले एका बाजूचे माप. तेवढीच उंची म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती ज्या उंचीवरून फिरते, त्याच्या पाचपटीहून जास्त. आणि एवढ्या नगराचा तट? १४४ हात म्हणजे साधारण ६५ मीटर. हत्तीच्या पायाला मुंगीने कुंपण घालावे तसा. योहानाला गणित येत नव्हते असे नव्हे. ही मापे गवंड्यासाठी नाहीत, हे तो मापातूनच सांगतो आहे.

बारा म्हणजे किती?

आकड्याला अर्थ चिकटणे मराठी माणसाला परके नाही. फसवणुकीचे कलम १ जुलै २०२४ पासून बदलून ३१८ झाले, तरी गावातला लबाड अजून ‘चारशेवीस’च आहे. प्रकटीकरणातला कुप्रसिद्ध ६६६ हाही असाच. हिब्रू अक्षरे आकडे म्हणूनही वापरली जात, आणि ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रूत लिहून अक्षरांची बेरीज केली तर ती बरोबर ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. नावातला शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिले की बेरीज तेवढी होते. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना जुलमी सम्राटाकडे दाखवलेले बोट दिसत होते.

नगराचा आकडा आहे बारा. इथे गावगाड्यातले बारा बलुतेदार आठवावेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... यादी करायला बसले की एका गावची दुसऱ्या गावाशी जुळत नाही. एखाद्या गावी एक जात बलुत्यात धरलेली, शेजारच्या गावी तीच अलुत्यात. संख्या मात्र हलत नाही. कारण ‘बारा बलुतेदार’ या शब्दाचा खरा अर्थ ‘गाव पूर्ण आहे, कुणावाचून अडत नाही’ असा आहे.

इस्राएलच्या बारा वंशांचेही नेमके हेच होते. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात वंशांची यादी आहे. त्यात दान हा वंश नाहीच, आणि योसेफाबरोबर त्याचाच मुलगा मनश्शे वेगळा मोजला आहे. नावे इकडची तिकडे झाली, बारा कायम राहिले. नगराच्या वेशींवर बारा वंशांची नावे, पायांवर बारा प्रेषितांची. बारा गुणिले बारा एकशे चव्वेचाळीस, तो तट. बाराला हजारांनी गुणले की नगराची बाजू. सारांश एवढाच की जुने-नवे सगळे लोक इथे आहेत, कोणी सुटलेले नाही.

सगळे गावच गाभारा

उंचीचे कोडे उरते. नगर उभे-आडवे सारखे, म्हणजे घनाकार कशाला? योहानाच्या पहिल्या वाचकांना अशी एकच जागा ठाऊक होती. शलमोनाच्या मंदिराचा सर्वात आतला गाभारा वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच होता. त्यात वर्षातून एकाच दिवशी एकच माणूस जाई, मुख्य याजक. त्याच्या छातीवरच्या ऊरपटात बारा रत्ने जडवलेली असत, प्रत्येकावर एका वंशाचे नाव.

ते बारा दगड योहानाने नगराच्या पायात घातले. मराठी बायबलात त्यांपैकी ‘यास्फे’ हे नाव मूळच्या उच्चाराने आले आहे, पण पाचू, पुष्कराज ही नावे घरचीच असल्याने वाचकाला आधी ग्रहांची अंगठी आठवते. रोख मात्र ग्रहांकडे नसून त्या ऊरपटाकडे आहे. एका माणसाच्या छातीवरचे आता सगळ्यांच्या पायाखाली आले. म्हणून योहान मुद्दाम नोंदवतो की या नगरात मंदिर नाही. गाभाऱ्याला भिंतच उरली नाही, तर मंदिर कुठून असणार? अस्पृश्यांना पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्या महाराष्ट्रात हे प्रतीक फोड करून सांगावे लागत नाही.

आणि एक खूण. देवदूत म्हणतो, चल, तुला नवरी दाखवतो. आणि दाखवतो ते नगर. नवरी म्हणजे लोक. नगर म्हणजे लोकांना राहायला दिलेली जागा नसून ते लोकच नगर आहेत, असा अर्थ अनेक आधुनिक अभ्यासक लावतात. किल्ली तिथेच ठेवलेली आहे.

नकाशा समजून बांधायला निघालेले

ही किल्ली हरवली की काय होते ते जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात दिसते. १५३४ मध्ये एका जहाल ख्रिस्ती गटाने ते शहर ताब्यात घेतले आणि हीच नवी यरुशलेम असे जाहीर केले. यान व्हान लायडन नावाचा एक शिंपी तिथला राजा झाला. बायबलखेरीज इतर पुस्तके जाळली गेली, बहुपत्नीत्व लादले गेले, वेढ्यात उपासमार झाली. जून १५३५ मध्ये शहर पडले. पुढाऱ्यांना हालहाल करून मारले आणि त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून संत लाम्बेर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते तीन पिंजरे आजही तिथे लटकत आहेत.

पुष्कळ जाणती माणसे या पुस्तकापासून चार हात लांबच राहिली. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत ते प्रेषिताचे वाटत नाही असे म्हटले. दुसरा सुधारक कॅल्विन याने नव्या करारातल्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिले, यावर नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत त्याचे जाहीर वाचन होत नाही.

पर्यायी वाट ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनने आधीच घालून दिली होती. इसवी सन ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा लोक हबकले. ‘शाश्वत नगर’ कसे पडले? त्यावर त्याने बारा-तेरा वर्षे खपून बावीस भागांचा ग्रंथ लिहिला. देवाचे नगर आणि माणसाचे नगर शेवटपर्यंत एकमेकांत मिसळलेले राहणार, त्यांच्यामध्ये वेस घालता येत नाही, असे त्याचे म्हणणे.

भूकंपवाल्यांना लिहिलेले पत्र

प्रत्येक प्रतीकापाशी ‘हे केवढे, हे कधी’ असे विचारण्याऐवजी ‘ऐकणाऱ्यांच्या कोणत्या दुखण्याला हे उत्तर आहे?’ असे विचारले तर काय दिसते?

प्रकटीकरणाच्या सुरुवातीला आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना सात पत्रे आहेत. त्यांतले एक फिलदेल्फियाला. इसवी सन १७ मध्ये एका रात्रीत झालेल्या भूकंपाने त्या मुलुखातली बारा शहरे उद्ध्वस्त केली. सार्दीस आणि फिलदेल्फिया त्यांत होती. सम्राट टायबेरियसने करमाफी दिली, मदत पाठवली. धक्के मात्र थांबेनात. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की फिलदेल्फियात भिंतींना सतत तडे जात आणि बहुतेक लोक गावात न राहता शेतावर राहत. उपकाराची फेड म्हणून शहराने आपल्या नावापुढे सम्राटाचे नाव लावले, निओकैसरिया. पुढे दुसरे घराणे आले तेव्हा ‘फ्लाव्हिया’ लावले.

आता पत्रातले वचन पाहावे. जो टिकेल त्याला देव आपल्या मंदिरातला खांब करील. तो पुन्हा कधी बाहेर जाणार नाही. त्याच्यावर देवाचे नाव, वरून उतरणाऱ्या नव्या यरुशलेमेचे नाव आणि एक नवे नाव लिहिले जाईल. विल्यम रॅम्से या स्कॉटिश अभ्यासकाने त्या भागात पायपीट करून १९०४ मध्ये या पत्रांवर पुस्तक लिहिले आणि हा धागा उलगडला. खांब, कारण त्यांनी खांब पडताना पाहिले होते. बाहेर जाणार नाही, कारण जमीन हलली की बाहेर धावणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. नवे नाव, कारण त्यांच्या शहराला दोनदा उसने नाव मिळाले होते.

हे वाक्य लंडनच्या ग्रंथालयात बसून वाचणे वेगळे आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळच्या माणसाने वाचणे वेगळे. भूकंपानंतर कित्येक महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. दगडी भिंतीच्या आत झोपायची हिंमत होईना. घर म्हणजे आडोसा ही जन्माची खात्री एका पहाटेत गेली होती. नव्या नगराला पाया आहे, तोही बारापदरी, हे योहान का घोळवून सांगतो ते अशा ठिकाणी चटकन कळते.

पुढची गोष्ट जरा गमतीची आणि जरा टोचणारी आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. बऱ्याच गावांचे आराखडे पट्टीने आखलेले: सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, एका मापाची घरे. काठीने मोजून वरून उतरवलेले नगर ते हेच, असे कुणी थट्टेने म्हणाले असते तर चुकले नसते. घरे भूकंपाला टिकतील अशी होती. पण जुन्या गावात पार होता, वाड्याची ओसरी होती, भावकीची गल्ली होती. नव्या गावात शेजार विस्कटला, गुरांना जागा उरली नाही, आणि पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी हे वारंवार नोंदवले. मोजमाप चोख असले तरी नगर आपोआप ‘लोक’ होत नाही. योहानाने नगराला नवरी का म्हटले, त्याचा हा उलट्या बाजूने मिळालेला पुरावा.

बंद न होणाऱ्या वेशी

मराठवाड्यातल्या जुन्या गावांना वेस असे. दिवेलागणीनंतर ती बंद होई. काही माणसांची घरे दिवसाही वेशीबाहेर असत. ख्रिस्ती झालेले बहुतेक मराठवाडी लोक या बाहेरच्या वस्त्यांमधले होते. नगराला बारा वेशी, चारी दिशांना तीन-तीन, आणि त्या कधीच लागत नाहीत, हे त्यांनी ऐकले तेव्हा त्यांना मोत्यांपेक्षा ‘लागत नाहीत’ हे जास्त मोलाचे वाटले असेल.

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी हा अर्थ जमिनीवर उतरवण्याची खटपट केली. ब्राह्मण घरातल्या या तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि १८६० च्या दशकात निजामी राज्यातल्या जालन्यात काम सुरू केले. दिवाण सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी नवख्रिस्ती कुटुंबांसाठी, त्यांत मांग समाजातली पुष्कळ, एक गाव वसवले. नाव ठेवले बेथेल, हिब्रूत देवाचे घर. उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपलेल्या याकोबाला स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी दिसली, त्या जागेचे हे नाव. म्युन्स्टरही प्रतीकावरूनच बांधायला घेतले होते आणि बेथेलही. पण शेषाद्रींनी आपल्या गावाला नवी यरुशलेम म्हटले नाही. वाटेवरच्या मुक्कामाचे नाव दिले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. उघड्या वेशींच्या या नगराच्या बाहेरही काही जण राहतातच: खुनी, मूर्तिपूजक, लबाडीची आवड असणारे. योहान मवाळ लेखक नाही. त्याआधीच्या अध्यायांत तो बाबेल नावाच्या दुसऱ्या नगराचा नाश रंगवतो. सात टेकड्यांवरचे ते नगर म्हणजे उघडच रोम. तिथल्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होते आणि गुलाम माणसांपाशी संपते. बाबेलमध्ये सोने अंगावर मिरवतात. नव्या नगरात ते तुडवायच्या रस्त्याला लागले आहे.

नदी, भर चौकातून

योहान म्हणतो, आता समुद्र उरला नाही. समुद्र न पाहिलेल्या लातूरकराला ही कसली खुशखबर, असे वाटेल. पण समुद्र म्हणजे पात्म बेटावरच्या माणसाची तुरुंगभिंत, आणि रोमची जहाजे ज्यावरून लूट वाहून नेत तो रस्ता.

नदीचे प्रतीक मात्र लातूरला समजावून सांगावे लागत नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे कलम लावले होते. कलमाचा आकडा तेव्हा १४४ होता. योहानाच्या तटाचाही तोच. हा निव्वळ योगायोग आहे, आणि अशा योगायोगांवर भविष्ये रचणाऱ्यांनी या पुस्तकाचे आजवर पुष्कळ नुकसान केले आहे.

योहानाची नदी त्याने यहेज्केल या जुन्या संदेष्ट्याकडून घेतली. तिथेही एक माणूस दोरी घेऊन मोजत चालतो. मंदिराच्या उंबऱ्याखालून झरा निघतो. हजार हातांवर पाणी घोट्याइतके, पुढच्या हजारावर गुडघाभर, मग कमरेएवढे, मग पोहूनच जावे लागेल इतके. योहानाने मंदिर काढून टाकले आणि नदी रस्त्याच्या मधोमध आणली. जिथे टँकर उभा राहतो, नेमकी ती जागा.

दर वर्षी ३० सप्टेंबरच्या सकाळी किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. अधिकारी पुष्पचक्र वाहतात, पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. त्या पहाटे लहान असलेली माणसे आता स्वतःची मुले घेऊन येतात आणि जुन्या गावात आपले घर कुठे होते ते हाताने दाखवतात. फिलदेल्फियाचे आजचे नाव अलाशेहिर. तिथे पडझड झालेल्या एका प्राचीन चर्चचे विटांचे अजस्र खांब भर वस्तीत उभे आहेत, छपराशिवाय. त्या चर्चला नाव आहे संत योहानाचे.